रॉड तडतडला की हात थांबवा

टिग वेल्डिंग करताना रॉड वितळलेल्या डबक्यात टेकवला आणि तडतड झाली, किंवा फट् असा आवाज आला, तर तिथेच थांबा. बटण सोडा, टॉर्च जागेवर धरून ठेवा, मागून येणारा गॅस आपोआप बंद होऊ द्या, आणि मग काच वर करून काय बिघडलं ते पाहा. जोयडा तालुक्यात टिग मशीनवर बसणाऱ्या प्रत्येक मेस्त्रीला, त्याच्या हाताखालच्या पोरांना आणि त्यांच्याकडून काम करून घेणाऱ्या घरमालकांना मला कळकळीने एवढंच सांगायचं आहे.

रामनगर, जगलबेट, गणेशगुडी, जोयडा, कुंभारवाडा या रस्त्यांवरच्या दुकानांत पूर्वी वेल्डिंग म्हणजे ट्रॉलीचा हुक, गेट, खिडकीचे गज, पत्र्याच्या शेडच्या कैच्या. त्याला साधं आर्क वेल्डिंग पुरायचं. पुढे काळी नदीवर राफ्टिंगला आणि जंगल बघायला माणसं येऊ लागली, होमस्टे उभे राहिले, आणि स्टेनलेसचे कठडे, जिने, भटारखान्याची टेबलं, पाण्याच्या टाक्या अशी कामं आली. इन्व्हर्टर मशीनही हलकी आणि आवाक्यातली झाली. एकाच पेटीवर आर्क आणि टिग दोन्ही होतं म्हटल्यावर आर्कवर हात बसलेल्या मेस्त्रीने टॉर्च उचलली, आणि त्यात गैर काहीच नाही. फक्त हात टिगवर आला तरी कान आर्कचाच राहिला.

आर्क वेल्डिंगमध्ये तडतड हा काम नीट चालल्याचा आवाज असतो. रॉडवरचा लेप जळतो, त्यातून वायू उसळतात, धातूचे थेंब आर्कमधून उडत डबक्यात पडतात, काही बाहेर शिंतडतात. या सगळ्याचा मिळून तो सारखा तडतडाट होतो. वर्षानुवर्षं तो ऐकलेल्या माणसाला टिगवर तडतड ऐकू आली तर खटकत नाही, उलट धीर येतो. टिगमध्ये मात्र रॉडवर लेप नसतो. टंगस्टनचं टोक सुमारे ३४०० अंश सेल्सिअसपर्यंत वितळत नाही, म्हणून ते फक्त आर्क पेटवून धरतं. रॉड दुसऱ्या हातात असतो, आणि त्याने आर्कमधून उडी मारायची नसते. डबक्याच्या पुढच्या कडेला टेकायचं, तिथल्या उष्णतेने विरघळायचं आणि मागे सरायचं. भोवती आर्गनचं आवरण असतं, तो कशाशीच संयोग करत नाही. म्हणजे सगळं नीट असेल तर तडतडायला तिथे कारणच उरत नाही.

ही पद्धत मुळात निघाली तीच आग पकडणाऱ्या धातूसाठी. अमेरिकेत नॉर्थ्रॉप विमान कंपनीत रसेल मेरेडिथ यांनी १९४१च्या सुमारास मॅग्नेशियमचे भाग जोडायला टंगस्टनचं टोक आणि हेलियम वायू वापरला. हेलियम महाग, म्हणून पुढे आर्गन आला. आपल्या हवेत तो जवळजवळ एक टक्का असतोच. मॅग्नेशियमच्या कामात हवेचा झोत आत शिरला तर काय होईल ते सांगायला नको. तेव्हापासून शांतपणा हाच या कामाचा गुण आहे.

आता चांगले आवाज कोणते, ते आधी ओळखून घ्या. बटण दाबल्यावर प्रथम गॅसची बारीक सुसू येते. ज्या मशीनमध्ये हाय-फ्रिक्वेन्सी स्टार्ट आहे तिथे क्षणभर चर्र होतं आणि आर्क पेटतो. स्टेनलेस किंवा लोखंडावर, म्हणजे डीसीवर, पुढे जवळजवळ काहीच ऐकू येत नाही; अगदी मंद, एकसुरी फुसफुस. रॉड टेकवला की ती क्षणभर दबते, रॉड मागे घेतला की पूर्ववत होते. असं का, तर धातू पडल्याने डबकं थोडं वर येतं आणि थोडं निवतं, टंगस्टन आणि डबकं यांतलं अंतर कमी होतं, आर्क आखूड होतो. चांगल्या वेल्डरच्या शेजारी बसलात तर हे दबणं आणि सुटणं ठरावीक ठेक्यात येत राहतं. ठेका सारखा तर वेल्डवरची लाटही सारखी. बघण्याआधी ते ऐकू येतं.

अ‍ॅल्युमिनियमचं निराळं. ते एसीवर करतात, आणि एसीत आर्क प्रत्येक आवर्तनात दोनदा विझून पेटतो. ५० हर्ट्झच्या जुन्या मशीनवर सेकंदाला शंभर वेळा, म्हणून तो घुमणारा गुणगुणाट. नव्या इन्व्हर्टरवर फ्रिक्वेन्सी वाढवली की तोच आवाज बारीक, टोकदार होतो. घाबरू नका, तो असायचाच. रॉड टेकवताना गुणगुण जरा अडखळते आणि पुन्हा धरते. तिच्यात तडतड मिसळली, की मात्र सावध व्हायचं.

वाईट आवाजांतला सगळ्यात ओळखू येणारा म्हणजे एकदाच होणारा फट्. त्याच क्षणी आर्कचा रंग बदलतो, टोक काळं किंवा गोळा आल्यासारखं होतं, आणि त्यानंतर आर्क सरळ राहत नाही, इकडेतिकडे पळतो. याचा अर्थ रॉड टंगस्टनला लागला, किंवा टंगस्टन डबक्यात बुडालं. शिकणाऱ्याच्या हातून हे होणारच. पण लागल्यावर तसंच पुढे नेलं तर टंगस्टनचा कण वेल्डमध्ये अडकतो आणि घाणेरड्या टोकातून आलेला आर्क पुढचा सगळा जोड बिघडवतो. टोकाचा खराब भाग काढून टाका, पुन्हा घासा. घासताना रेघा टंगस्टनच्या लांबीच्या दिशेने याव्यात, आडव्या नकोत. आणि लाल टोकाचं टंगस्टन वापरत असाल तर त्यात थोरियम आहे, किंचित किरणोत्सर्गी. त्याची धूळ नाकातोंडात जाऊ देऊ नका. सोनेरी किंवा निळ्या टोकाचं लँथनमचं टंगस्टन तेच काम करतं, मी तर तेच घ्या म्हणेन.

दुसरा आवाज प्रत्येक वेळी रॉड टेकवताना येणारी बारीक तडतड. इथे शोध कसा घ्यायचा ते नीट लक्षात ठेवा, कारण बाकीचं सगळं यावर आहे. थांबून पाहिल्यावर पुन्हा आर्क पेटवा, रॉड बाजूला ठेवा, आणि ऐका. तडतड बंद झाली तर दोष रॉडचा किंवा रॉड देण्याच्या पद्धतीचा. रॉड नसतानाही चालूच राहिली तर दोष गॅसचा, टंगस्टनचा किंवा खालच्या कामाचा. मग त्याच सेटिंगवर एका लखलखीत साफ केलेल्या तुकड्यावर आर्क पेटवा. तिथे शांत चाललं तर घाण कामावर आहे. तिथेही तडतडलं तर गॅस आणि टंगस्टन तपासा. या तपासाला दोन-तीन मिनिटं पुरतात, आणि अँपिअरचा खुंटा उगाच फिरवत बसणं वाचतं. आवाज बिघडला की अँपिअर वाढवायचे, ही सवय मी बऱ्याच हातांना लागलेली पाहिली आहे. घाण त्याने जळून जात नाही, आत मिसळते.

आपल्या तालुक्यात रॉडचा दोष जास्त सापडावा याला कारण पाऊस. कॅसलरॉक, अणशी, उळवी या पट्ट्यात जून ते सप्टेंबर हवेतून पाणी निथळत असतं. लोखंडाच्या रॉडवर तांब्याचा पातळ थर असतो, तो जिथे खरवडला गेला तिथे गंज चढतो. स्टेनलेसच्या आणि अ‍ॅल्युमिनियमच्या रॉडला गंज दिसत नाही, म्हणून आपण ते साफ समजतो; पण त्यावर ओल, ग्राइंडिंगची भुकटी, हाताचा घाम आणि तेल बसलेलंच असतं. ओलीतला हायड्रोजन अ‍ॅल्युमिनियममध्ये शिरला की आत बारीक भोकं पडतात. त्यामुळे रॉड कोपऱ्यात उभे करून ठेवू नका. दोन्ही टोकांना टोपण असलेल्या पीव्हीसी पाइपात ठेवा, प्रत्येक जातीचा वेगळा पाइप, वर नाव लिहिलेलं. कामाला घेताना स्वच्छ फडक्यावर ॲसिटोन घेऊन पुसा, ते उडून जाऊ द्या, बाटली लांब ठेवा आणि मगच आर्क पेटवा. फडकं काळं झालेलं बघाल तेव्हा ती तडतड कुठून येत होती ते कळेल.

रॉड स्वच्छ असूनही तडतडतो, असं कुणी म्हणालं तर त्याचा डावा हात बघा. टेकवून झाल्यावर तो रॉड फार मागे ओढतो, तापलेलं टोक आर्गनच्या बाहेर जातं, हवेत काळवंडतं, आणि तेच काळं टोक पुढच्या वेळी डबक्यात जातं. रॉडने आर्कमधून बाहेर यावं, गॅसच्या आवरणातून नव्हे. थांबून पुन्हा सुरू करताना रॉडच्या टोकावरचा काळा गोळा पक्कडने कापून टाकावा. उलट चूकही होते: रॉड फार उभा धरला किंवा आर्कच्या फार जवळ आणला तर तो डबक्यापर्यंत पोचायच्या आधीच वितळतो, थेंब लोंबतो आणि टप् करून पडतो, कधी टंगस्टनवरच उडतो. रॉड कामाच्या पृष्ठभागाशी जवळजवळ आडवा, पंधरा-वीस अंशांत ठेवा, आणि कडेने सरकवत आणा.

रॉडची जात चुकली तरी तो बोलतो. गॅस वेल्डिंगचे तांब्याने मढवलेले लोखंडी रॉड दिसायला टिगच्या रॉडसारखेच, आणि स्वस्त. काही दुकानांत तेच टिगवर वापरतात. त्यांत सिलिकॉन आणि मँगेनीज कमी असतं. लोखंडातला आणि गंजातला ऑक्सिजन हे दोन धातू स्वतःकडे ओढून घेतात. ते पुरेसे नसले की ऑक्सिजन कार्बनशी मिळतो, वायू होतो, आणि डबकं उकळल्यासारखं ठिणग्या उडवतं. ईआर ७०एस-६ मध्ये सिलिकॉन-मँगेनीज भरपूर असतं, ईआर ७०एस-२ मध्ये त्यांच्या जोडीला टायटॅनियम, झिर्कोनियम आणि अ‍ॅल्युमिनियमही थोडं असतं. साध्या लोखंडासाठी, म्हणजे एमएससाठी, यांतला एक घ्या. ३०४ स्टेनलेसला ३०८एल, आणि स्टेनलेस लोखंडाला जोडायचं असेल तर ३०९एल.

खालच्या कामाची घाण म्हणजे एमएस अँगलवरची काळी पापडी, रंग, ग्रीस आणि जस्त. आर्क वेल्डिंगचा लेप यातलं बरंच पचवतो, टिग काहीच पचवत नाही. जोडाच्या दोन्ही बाजूंना निदान बोटभर पट्टा चकचकीत होईपर्यंत घासा, आणि मागची बाजू विसरू नका, उष्णतेने तिथलीही घाण वर ओढली जाते. बाइकच्या इंजिनाचं फुटलेलं ओतीव कव्हर घेऊन कुणी आलं तर त्याला आधीच सांगा की वेळ लागेल. ओतीव अ‍ॅल्युमिनियमच्या छिद्रांत वर्षांचं तेल मुरलेलं असतं; पहिल्या थराला ते उकळून फुटतं, फटफटतं. तो थर घासून काढायचा, काम तापवायचं, पुन्हा भरायचं. आवाज बसेपर्यंत हेच. तेल काढायला ब्रेक क्लीनरचा फवारा मात्र मारू नका. त्यातल्या काही जातींत क्लोरीनयुक्त द्रावक असतं, आणि आर्कच्या अतिनील किरणांत त्यापासून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. तो थोडासाही फुफ्फुसात गेला तर जिवावर बेततो.

रॉड बाजूला घेतल्यावरही खरखर चालू राहिली तर गॅसकडे वळा. आपली दुकानं तीन भिंतींची, चौथी बाजू रस्त्याकडे उघडी. पावसाळी वारा आत येतो, उन्हाळ्यात पंखा लावलेला असतो, आणि आर्गनचं आवरण दोघांनीही उडतं. ताडपत्रीचा पडदा लावा, पंखा पाठीमागे, खाली वळवा. सिलिंडर भरून आणायला लांब जावं लागतं म्हणून गॅस कमी सोडण्याचा मोह होतो. उलट कुणी भीतीपोटी इतका सोडतो की टॉर्चच्या सिरॅमिक तोंडातून शिटीसारखा आवाज येतो, झोत भोवरे घेतो आणि बाहेरची हवा स्वतःच आत खेचतो. नेहमीच्या कामाला मिनिटाला सात ते दहा लिटर ठीक असतो. काम संपल्यावर टॉर्च लगेच उचलू नका. दर दहा अँपिअरला साधारण एक सेकंद, इतका वेळ गॅस चालू राहिला पाहिजे, म्हणजे टंगस्टन आणि डबकं दोन्ही झाकलेले असताना थंड होतात. एक चूक आर्कवरून आलेल्यांची खास: होल्डर प्लसला लावायची सवय असते, तीच टॉर्चलाही लागते. डीसी टिगमध्ये टॉर्च मायनसला. उलटी लावली तर टंगस्टनचं टोकच वितळून गोळा होतं आणि थुंकू लागतं.

हा एवढा आटापिटा एका कठड्यासाठी कशाला, असं मेस्त्री मला विचारतील. आपल्या तालुक्याला लागून, काळी नदीच्याच काठी, कारवार तालुक्यात कैगा अणुवीज केंद्र आहे. २२० मेगावॉटच्या चार अणुभट्ट्या. त्यांतली पहिली ३१ डिसेंबर २०१८ रोजी थांबवली तेव्हा ती सलग ९६२ दिवस चाललेली होती, आणि तो त्या वेळी जगातला विक्रम होता. अशा केंद्रांतल्या महत्त्वाच्या पाइपांच्या जोडाचा तळचा थर टिगने भरतात, पाइपाच्या आतूनही आर्गन सोडतात, आणि जोडाचा एक्स-रे काढतात. टंगस्टनचा कण राहिला असेल तर तो फिल्मवर पांढऱ्या ठिपक्यासारखा दिसतो, हवेची भोकं काळी दिसतात, आणि मर्यादेबाहेरचा जोड कापून पुन्हा करावा लागतो. तिथे वेल्डरच्या कानाने काही सोडलं तर पुढे यंत्र पकडतं. गणेशगुडीच्या होमस्टेच्या गच्चीवरच्या कठड्याचा एक्स-रे कोण काढणार? तो पॉलिश होऊन चमकतो, पाहुण्यांची मुलं त्याच्यावर ओणवी होऊन नदी बघतात. आतल्या भोकाची माहिती फक्त एकाला होती, ज्याने ती तडतड ऐकली आणि हात चालू ठेवला. तडतडलेली जागा तिथल्या तिथे घासून काढायला पाच मिनिटं लागतात. पॉलिश झाल्यावर ती शोधणं कुणाच्याच हातात राहत नाही.

दुधाच्या आणि खाण्याच्या भांड्यांचं तर आणखी जपून. तडतडलेल्या जोडात उरलेल्या बारीक खड्ड्यांत दूध राहतं, घासून निघत नाही आणि नासतं. आतल्या बाजूने आर्गन न सोडता स्टेनलेस जोडलं तर मागून काळा खरखरीत कणीदार थर येतो, तिथेही तेच होतं. मोठ्या टाकीच्या आत शिरून जोड करायची वेळ आली तर एकट्याने कधीही शिरू नका. आर्गन हवेपेक्षा जड असतो, तळाशी साठतो, त्याला वास नाही, रंग नाही, आणि गुदमरल्याची जाणीवही होत नाही. माणूस सरळ बेशुद्ध पडतो. बाहेर एक सावध माणूस हवाच, आणि त्याने आतला पडल्यावर मागोमाग उडी घ्यायची नाही. आधी गॅस बंद करायचा, हवा आत सोडायची, मदतीला हाक मारायची. विहिरीत आणि टाकीत दुसरा जीव असाच जातो.

घरमालकांना आणि होमस्टेवाल्यांनाही माझी विनंती आहे. जीआय पाइप घेऊन येऊन "साफ बिफ नको, दोन टाके मारून दे" असं म्हणू नका. जीआयवरचं जस्त जळताना तडतडतं, पांढरा धूर होतो, आणि तो श्वासात गेला की वेल्डरला संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो, अंग मोडून येतं. तो ताप बहुधा एक-दोन दिवसांत उतरतो, म्हणून सगळे त्याच्याकडे दुर्लक्ष करतात. गूळ खाल्ला, दूध प्यालं की धूर पोटातून निघून जातो ही समजूत आपल्याकडे घट्ट आहे. धूर पोटात जातच नाही, फुफ्फुसात जातो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ साली वेल्डिंगच्या धुराला कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातलं आहे. जस्त आधी घासून काढावं, तेही तोंडाला योग्य मास्क लावून, आणि उघड्या हवेत. या साफसफाईचे पैसे मेस्त्रीने मागितले तर ते द्या. जोड होत असताना समोर उभं राहून "झालं का, झालं का" करू नका, आणि पोरांना बघायला उभी करू नका. टिगला धूर कमी, म्हणून त्याचे अतिनील किरण आणखी मोकळेपणाने डोळ्यांपर्यंत पोचतात. डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग काही तासांनी, बहुधा रात्री, सुरू होते. तेव्हा बटाट्याची फोड किंवा दूध घालत बसू नका, डोळे चोळू नका, डॉक्टरांकडे जा.

आता कानाबद्दल, आणि हे मी पोरांना उद्देशून लिहितो आहे. टिगचा स्वतःचा आवाज कानाला इजा करण्याइतका बहुधा नसतो. इजा करतो तो शेजारचा ग्राइंडर. त्याचा आवाज सहज ९५ ते १०० डेसिबलच्या वर जातो, आणि ८५ डेसिबलच्या पुढे रोज आठ तास राहिलं तर ऐकणं हळूहळू जातं. दर तीन डेसिबलला कानावर येणारी ऊर्जा दुप्पट होते, म्हणजे शंभराला सुरक्षित वेळ पाव तासाचाच उरतो. गंमत नाही ही: ग्राइंडरने प्रथम जातात ते बारीक, उंच आवाज, ४००० हर्ट्झच्या आसपासचे. बोलणं कळत राहतं, फोन ऐकू येतो, म्हणून कान चांगले आहेत असं वाटतं. पण गॅसची सुसू, रॉडची बारीक तडतड, गळणाऱ्या नळीची फुसफुस, हे सगळं त्याच पट्ट्याच्या जवळ असतं. तेच आधी पुसलं जातं, आणि ते औषधाने परत येत नाही.

सुपा धरणात घरं-शेतं गेली आणि रामनगरला नव्याने संसार मांडले, अशा घरांतली पोरंही आज या धंद्यात आहेत. कुणी गोव्यात जहाजांच्या कारखान्यात जायला बघतं, कुणी दांडेलीला. तिथे नोकरीआधी चाचणीचा तुकडा जोडून दाखवावा लागतो, तो वाकवून किंवा एक्स-रे काढून तपासतात. त्या तुकड्यावर तुमचा कान तुमच्याबरोबर असला पाहिजे. म्हणून ग्राइंडर उचलायच्या आधी कानात फोमचे बोळे घाला: बोटांत वळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कान वर ओढायचा, आत सरकवून फुगेपर्यंत धरून ठेवायचे. कापूस घालू नका, तो आवाज अडवत नाही आणि ठिणगी पडली तर पेटतो. डोक्यावरचा जोड करताना तर बोळे हवेतच. वितळलेला थेंब कानात जाऊन पडदा जळाल्याची उदाहरणं वेल्डरांत घडलेली आहेत. आणि हेल्मेटच्या आत इअरफोन लावून गाणी ऐकत टिग करू नका. दिवसभराच्या कामात गाणं हवंसं वाटतं हे मला कळतं, पण त्यासाठी मापं घेण्यासारखी बाकीची शांत कामं आहेत. तीही गाण्याचा आवाज कमी ठेवून.

कान तयार कसा करायचा? बाजारात मडकं वाजवून घेणाऱ्या आजीला कुणी शाळेत शिकवलेलं नसतं. तिने चांगली आणि चिरलेली दोन्ही शेजारी वाजवून ऐकलेली असतात. तुम्हीही तेच करा. एका साफ पट्टीवर आणि एका मुद्दाम तेलकट, गंजक्या पट्टीवर एकाच सेटिंगने जोड करा. एकदा रॉड पुसून, एकदा न पुसता. फोन जवळ ठेवून आवाज रेकॉर्ड करा, आणि मग दोन्ही जोड कापून, फोडून आत बघा. आवाज आणि भोक यांची सांगड एकदा डोळ्यांनी पाहिली की ती विसरली जात नाही. मशीन बंद असताना, चहा पिताना, डाव्या हाताच्या बोटांतून रॉड पुढे सरकवण्याचा सराव करा. हात गुळगुळीत चालला तरच ठेका सारखा येतो. चांगला मेस्त्री कामाला बसला असेल तर हेल्मेट घालून त्याच्या शेजारी बसा, मान दुसरीकडे वळवा, आणि नुसतं ऐका. आयटीआयमध्ये वेल्डरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहेच, शिवाय मिग आणि टिगसाठी वेगळा ट्रेडही आहे. दहावी झालेल्या पोराला तिथे पाठवणं शक्य असेल तर जरूर पाठवा. शिकवणाऱ्यांना विचारा, सर, हा आवाज बरोबर आहे का? विचारायला लाजू नका.

दुकानाच्या मालकांना शेवटची विनंती. पोरगा आर्क बंद करून थांबला, रॉड पुसत बसला, टंगस्टन घासायला उठला, तर त्याच्यावर ओरडू नका आणि त्या वेळेची मजुरी कापू नका. त्याला विचारा, काय ऐकू आलं? तो सांगेल ते ऐकून घ्या, चुकलं असेल तर दाखवून द्या. आणि पुढच्या पावसाळ्याआधी, मे महिन्यातच, पीव्हीसीचे पाइप, टोपणं, ॲसिटोनचा डबा आणि फोमच्या बोळ्यांचं एक खोकं दुकानात आणून ठेवा.